माहेरची किंमत किती एकर?

आमच्या भंडारा जिल्ह्यात बाप गेला की लेकी रडत येतात, तेरवीपर्यंत राहतात आणि सासरी परतण्याआधी त्यांच्यातल्या पुष्कळजणी तालुक्याच्या गावी जाऊन एक सही करून येतात. तेरवीला सगळ्या बहिणी एका जागी सापडतात, पुन्हा कधी सापडतील सांगता येत नाही. म्हणून त्याच आठवड्यात हक्कसोडपत्र उरकून घ्यायचं, अशी आता रीतच पडली आहे. गाडी भावानं ठरवलेली असते. कागद लिहिणारा त्याच्या ओळखीचा, साक्षीदार त्याचे मित्र. बहिणीनं फक्त आधारकार्ड आणायचं, बोट टेकवायचं आणि नवं लुगडं घेऊन परत जायचं.

२०२५ मध्ये राज्य शासनानं ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. बुलढाणा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि एप्रिलपासून राज्यभर राबवली गेली. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच पडून असतात. ती काढून वारसांची नावं चढवायची, असा हा कार्यक्रम. मयत खातेदारांची यादी चावडीवर वाचायची, वारसांनी मृत्यूचा दाखला, स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील किंवा सरपंचाचा दाखला द्यायचा, आणि चौकशी होऊन फेरफार व्हायचा. हेतू चांगला आहे. सरकारनं काही केलं की नाक मुरडायचं, असा माझा स्वभाव नाही. पण आम्ही काम करतो त्या गावांत मी पाहिलं ते असं, की चावडीवर यादी वाचली जाते तेव्हा लेकी आपापल्या सासरी असतात. वारस किती ते सांगणारा भाऊ, आणि त्याला दाखला देणारे त्याच्याच गावातले, त्याच्याच बैठकीतले. कुठे लेकीचं नाव सांगायचंच राहून गेलं. कुठे सांगितलं, पण त्याच्यामागून हक्कसोडाचा कागदही आला. मेलेला बाप सातबाऱ्यावरून उतरला, जिवंत लेक मात्र त्यावर चढली नाही.

कायद्याचं थोडं सांगते, कारण बैठकीत अजूनही विचारलं जातं, “पण ताई, लग्न झालेल्या पोरीचा हक्क राहते का?” राहतो. पण तो मिळायला किती वर्षं लागली ते पाहण्यासारखं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मिताक्षरा पद्धतीचं एकत्र कुटुंबच मोडीत काढायची सूचना केली होती. मुलग्याला जन्मानं मिळणारा आणि मुलीला न मिळणारा तो हक्क, त्याचं मूळच उपटायचं. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे एक ठळक कारण होतं. पुढे १९५४ साली ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले, ती आमच्याच भंडाऱ्यातून, आणि हरले. ज्यांच्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं त्या बायकांपैकी किती जणींना मत देताना हे ठाऊक होतं, कोण जाणे!

१७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा लागू झाला. (यात ‘हिंदू’ म्हणजे बौद्ध, जैन आणि शीखही येतात. आमच्याकडे बौद्ध वस्तीतल्या बायका पुष्कळदा म्हणतात, “तो कायदा त्यांचा, आमचा नाही.” तो त्यांचाही आहे.) त्यानं मुलीला बापाच्या वाट्यात वारस केलं, पण वडिलोपार्जित मिळकतीतला मुलग्याचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. याचा अर्थ काय ते एका हिशेबानं बघा. सहा एकर वडिलोपार्जित धानाची जमीन, बाप, दोन भाऊ, एक बहीण; आई आधीच वारलेली. जुन्या कायद्यानं बाप मेल्यावर आधी बाप आणि दोन भाऊ असे तीन वाटे कल्पायचे, दोन-दोन एकर. मग बापाच्या दोन एकरांत तिघं. म्हणजे भावांना अडीच एकरांहून जास्त आणि बहिणीला पाऊण एकरसुद्धा नाही. आजच्या कायद्यानं बाप आणि तिन्ही लेकरं असे चार वाटे, दीड-दीड एकर, आणि बापाच्या दीड एकरात पुन्हा तिघं. बहिणीला दोन एकर, भावांनाही दोन-दोन. पाऊण एकरालाही कमी पडणारा तुकडा आणि दोन एकर, एवढा हा फरक आहे.

महाराष्ट्रानं यात केंद्राच्या आधी पाऊल टाकलं. २२ जून १९९४ पासून आपल्या राज्यात मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली. त्या वर्षी राज्याचं महिला धोरणही जाहीर झालं होतं आणि बायकांच्या संघटनांत मोठा उत्साह होता. पण त्या कायद्यात एक पाचर मारून ठेवली होती. त्या तारखेआधी जिचं लग्न झालं तिला हा हक्क नाही. म्हणजे मे महिन्यात लग्न उरकलेली थोरली बाहेर, आणि पुढच्या वर्षी बोहल्यावर चढलेली धाकटी आत. एकाच आईच्या पोटच्या दोघी! ही पाचर निघाली ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं. राहत्या घराची वाटणी मागायला मुलीला जी बंदी होती, तीही त्याच वेळी गेली. नवऱ्यानं टाकून दिलेल्या, माहेरच्या पडवीत दिवस काढणाऱ्या बायकांच्या दृष्टीनं ही दुसरी गोष्ट फार मोठी होती, आणि तिच्याबद्दल बोललं गेलं सगळ्यात कमी.

तरी घोळ संपला नव्हता. दुरुस्ती झाली त्या दिवशी बाप जिवंत होता की नव्हता, यावर कोर्टांचे निरनिराळे निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो वाद मिटवला. हक्क जन्मानं आहे, बाप केव्हा मेला याच्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. पण “आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली” हे भावांचं पेटंट उत्तर, सरकारी कागदाचा भक्कम पुरावा नसेल तर, आता सहसा चालत नाही.

म्हणजे कायद्याच्या बाजूनं आज आपल्याला जवळपास सगळं मिळालेलं आहे. जे जातं ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, अर्ध्या तासात.

हक्कसोडपत्र हा काही बेकायदा कागद नाही. सहहिस्सेदारानं आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे सोडून देणं याला कायद्याची मान्यता आहे, आणि बहिणीनं भावाला असा हक्क सोडला तर मुद्रांक शुल्कही नाममात्रच. विकत घ्यायला गेलं तर काही लाख पडले असते, ती जमीन काहीशे रुपयांच्या कागदावर येते. शासनानंच ही वाट इतकी गुळगुळीत करून ठेवली आहे! भावानं बहिणीला हक्क सोडला असंही या कागदानं करता येतं. एवढ्या वर्षांत तसा एकही कागद माझ्या पाहण्यात आलेला नाही.

सही करणाऱ्या बाईला मी विचारते, का केलीस? पवनी तालुक्यातल्या एका पन्नाशीच्या बाईनं दिलेलं उत्तर थोड्याफार फरकानं मला सगळीकडे मिळतं. ती म्हणाली, “मले वावर नाही पायजे जी ताई, मले माहेर पायजे.” पोळ्याला, भाऊबीजेला जायला एक दार उघडं पाहिजे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि लेकीबाळी हमखास माहेरी येतात. मंडईला बोलावणं आलं नाही तर सासरी मान खाली जाते. नवऱ्यानं मारलं, हाकललं, तर पोरं घेऊन चार दिवस टेकायला तेवढीच एक जागा. त्या जागेचं भाडं म्हणून ती दोन एकर देते. बाई अडाणी आहे, भावनेच्या भरात सही करते, असं आपल्यातल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना वाटतं. मला ते पटत नाही. तिचा हिशेब पक्का असतो. ज्या समाजात नवऱ्याच्या घरातून केव्हाही बाहेर काढलं जाऊ शकतं, तिथे भावाची मर्जी हा तिचा विमा आहे आणि ती त्याचा हप्ता भरते आहे.

पण हा विमा वेळेला पावतो का? मोहाडी तालुक्यातल्या एका गावात मी एका परित्यक्तेला भेटत असते. नवऱ्यानं सोडलं तेव्हा तिच्या पदरात दोन मुलं. हक्कसोड सात वर्षांपूर्वीच झालेलं. भाऊ वाईट नाही, त्यानं अंगणातली एक खोली दिली. पावसाळ्यात ती रोवण्याला जाते, कधी कधी भावाच्याच वावरात. म्हणजे ज्या बांधीत बापानं तिला खांद्यावर बसवून नेलं, त्याच बांधीत ती आता भावाकडून रोजी घेऊन पऱ्हे लावते. गावाला यात काही वावगं दिसत नाही. उलट भावाचं कौतुक होतं, की बहिणीला सांभाळलं म्हणून. आणि पीक कर्ज, धानाची विक्री, बोनस, पीकविमा, किसान सन्मानचे पैसे, सगळं सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. शेतात राबणारी ही बाई सरकारच्या लेखी शेतकरीच नाही.

विरोधाची कारणं आपल्याला सगळ्यांना पाठ आहेत. “लग्नात खर्च केला, हुंडा दिला.” हुंडा तिच्या हातात पडला का? सासऱ्यानं मोजून घेतला आणि नवऱ्यानं गाडी घेतली. शिवाय १९६१ पासून जो गुन्हा आहे तो वाटणीच्या हिशेबात वजावट म्हणून धरायचा, हा कुठला न्याय? “जमिनीचे तुकडे होतील.” चार भाऊ वाटून घेतात तेव्हा तुकडे होत नाहीत वाटतं! “जमीन परक्याच्या घरी जाईल.” याला कायद्यातच काहीसं उत्तर आहे: बापाकडून आलेली मिळकत, बाई मूलबाळ नसताना मृत्युपत्राशिवाय वारली, तर तिच्या नवऱ्याकडे न जाता बापाच्या वारसांकडे परत जाते. तिला लेकरं असली तर त्यांना जाईल, आणि ती काही परकी नाहीत, भाचे आहेत.

एका आक्षेपाला मात्र मी हलकं लेखत नाही. जावई बायकोला पुढे करतो, हिस्सा मागायला लावतो, विकायला लावतो आणि पैसे स्वतः उडवतो, असं भाऊ सांगतात. ते खोटं नसतं. गोसीखुर्द धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या भागातल्या बायकाही सांगतात, की मोबदल्याची गोष्ट निघाली तेव्हा एकीकडून भाऊ सही मागत होता आणि दुसरीकडून नवरा ‘सही देऊ नको’ म्हणत होता. दोघांतल्या कोणी तिला विचारलं नाही, की तुला काय पाहिजे. पण यावर उपाय म्हणून तिचा हक्कच काढून घ्यायचा, हे बरोबर नाही. नाव सातबाऱ्यावर ठेवावं आणि जमीन विकू नये, हे आपण तिला सांगू शकतो. वारशानं आलेली मिळकत बाईच्या पूर्ण मालकीची असते. नवऱ्याचा तीवर ती जिवंत असेपर्यंत काही अधिकार नाही. सासर लांब असेल तर जमीन भावानंच करावी, ठेक्यानं किंवा बटईनं, आणि दर वर्षी ठरलेली पोती बहिणीच्या घरी पोचवावीत. लाखनी भागात असं करणारी दोन घरं मला माहीत आहेत. भांडणं झाली नाहीत असं नाही, झाली. पण दोन्ही बहिणी मंडईला माहेरी येतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. आपल्या गटांत हा विषय काढला की सुरुवातीला सगळ्या माना डोलावतात. मग कोणी तरी म्हणतं, “म्हणजे माझ्या नणदेलाही द्यायचं का?” आणि सभा एकदम थंड पडते. बसलेल्या प्रत्येकीची दोन नाती असतात. माहेरी ती सही देऊन आलेली बहीण आहे आणि सासरी ती सही घेणाऱ्याची बायको आहे. तेरवीच्या घरात नणदांची समजूत काढायचं काम पुष्कळदा भावजयीवरच सोपवलेलं असतं. “वन्सं, तुमचं माहेर आम्ही आहोत ना,” हे वाक्य तीच बोलते. सहीच्या दिवशी नेसवायचं लुगडं तीच निवडून आणते. आणि तिनं असं का वागू नये? नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या जमिनीत तिच्या नावाचं काही नाही, तिला आहे तो पोटगीपुरता हक्क. तिची स्वतःची जमीन ती पाच-दहा वर्षांपूर्वी आपल्या भावाला देऊन चुकली आहे. उरलं ते नवऱ्याचं वावर. तेही नणदेनं कापून नेलं तर तिनं कुठे जायचं?

म्हणून नणंद-भावजय हे बायकांचं भांडण म्हणून जे हिणवलं जातं त्याच्या तळाशी जमीन आहे. प्रत्येक घरात एक बाई एका ठिकाणी हक्क सोडते आणि दुसऱ्या ठिकाणी सोडवून घेते, आणि या सगळ्या देवघेवीत जमीन एका पुरुषाच्या नावावरून दुसऱ्या पुरुषाच्या नावावर जात राहते. दोघींपैकी कोणाच्याही नावावर ती थांबत नाही. सगळ्याच बहिणींनी आपापला हिस्सा ठेवला असता तर? घरातून नणदेचा वाटा गेला असता, पण भावजयीचा तिच्या माहेरून आला असता, आणि तो तिच्या स्वतःच्या नावानं आला असता. हा हिशेब मी फळ्यावर मांडते तेव्हा बायका बराच वेळ बोलत नाहीत. एकदा एक सासूबाईच म्हणाल्या, “म्हंजे आमी दोघीयनं बी फुकटच देल्लं.”

जमिनीसाठी बायकांची आंदोलनं महाराष्ट्रात झालेली आहेत. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं प्रचंड अधिवेशन घेतलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. गावोगावच्या नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी कराव्यात म्हणून शरद जोशी सभा घेत हिंडले. ते काम मोठं होतं. पण त्यात देणारा नवरा होता आणि घेणारी त्याची बायको. घरातली जमीन घरातच राहत होती. बहिणीच्या हिश्शाची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण ती कोणी उदार होऊन देण्याची नाही, आणि तिच्यात घराची वेसच ओलांडावी लागते. म्हणूनच बहुधा हिच्यासाठी मोर्चा निघत नाही. हुंडाबळी झाला की आपण रस्त्यावर येतो, दारूबंदीसाठी येतो. बापाच्या घरचा विषय आला की म्हणतो, “तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.” घरातला प्रश्न हा समाजाचा प्रश्न आहे, हे सांगतच तर आपली चळवळ उभी राहिली ना?

मागण्या कराव्यात असं मला वाटतं त्या मोठ्या नाहीत. मृत्यूनंतर निदान एक वर्ष हक्कसोडपत्राची नोंदणीच होऊ नये. दुःखात असलेल्या माणसाकडून एवढा कागद करून घेणं अमानुष आहे. नोंदणीच्या वेळी बाईला भावापासून वेगळं बसवून, ती काय सोडते आहे, किती गुंठे, आजच्या बाजारभावानं किती रुपयांचं, हे तिला वाचून दाखवावं. वारस सांगताना मुली किती ते सरपंचांनी आणि पोलीस पाटलांनी वेगळं लिहून द्यावं, नसतील तर ‘नाहीत’ असं लिहावं. आणि तलाठ्यानं (आता त्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, आमच्याकडे अजून पटवारीच म्हणतात) बहिणींची नावं ‘इतर हक्का’च्या रकान्यात सरकवू नयेत, भोगवटादार म्हणून लिहावीत.

सरकारनं करायचं ते सरकार केव्हा करेल तेव्हा करेल. गटांनी आजपासून करण्यासारखं एक काम आहे. आपल्या गावात कोणाकडे मृत्यू झाला की बायका सांत्वनाला जातातच. त्याच भेटीत लेकींच्या कानावर घालावं, की आत्ता काही सही करू नको, वर्षभर थांब म्हण. ‘नाही’ म्हणायला लावू नये, ते जड जातं. ‘नंतर’ म्हणणं सोपं आहे. मधल्या काळात वारस म्हणून नाव लागू द्यावं, एवढंच. फेरफाराची नोटीस आली तर हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आणि गटातल्या बाईनं दुसऱ्या बाईच्या हक्कसोडावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असा ठराव तर प्रत्येक गटाला करता येईल. आमच्याकडे तीन गटांनी केला. चौथ्यात अध्यक्षबाईच्या नणदेचं प्रकरण चालू होतं, तिथे तो बारगळला.

ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांनी विचारलं, की आता काही होतं का? नोंदणी न केलेल्या साध्या स्टॅम्पपेपरवरच्या हक्कसोडाला अर्थ नाही; त्यावरून फेरफार झाला असेल तर अपील करावं. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. नोंदणी झालेला कागद फसवून किंवा दबावानं घेतला असेल तर तो रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि ते सिद्ध करणं कठीण असतं. वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आमच्या जिल्ह्यातल्या गोंड आणि हलबा बायकांना मात्र यातलं बरंचसं लागू नाही. अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा लागू होत नाही, तिथे रूढी चालते, आणि रूढी काय आहे ते पुरुष सांगतात. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की बाईला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला समान वाटा दिला पाहिजे. रूढी आहे हे सिद्ध करण्याचा भार आता भावांवर आला. यावर वेगळं लिहायला हवं, आणि ते त्या समाजातल्या एखाद्या मैत्रिणीनं लिहिलं तर जास्त बरं.

मैत्रिणींनो, मला एक मदत हवी आहे. ज्यांनी हक्कसोडावर सही केली नाही, सातबाऱ्यावर नाव ठेवलं आणि तरी ज्यांचं माहेर तुटलं नाही, अशा बायका तुमच्या भागात असतील. त्यांनी भावाला काय सांगितलं, भावजयीशी कसं बोलल्या, पहिल्या वर्षी काय झालं आणि पाचव्या वर्षी काय, हे त्यांच्याच शब्दांत लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव-गाव छापलं जाणार नाही. बैठकीत मी कलमं वाचते तेव्हा बायका ऐकून घेतात, पण त्यांना ऐकायची असते ती अशा एखादीची गोष्ट, आणि माझ्याजवळ लाखनीच्या त्या दोनच आहेत.